पुढचं बोला ना

अलिबागच्या त्या दवाखान्यात मेंदूचे डॉक्टर फक्त मंगळवारी यायचे, आणि त्या मंगळवारी ते येणार नाहीत असं अकरा वाजता कळलं. बाकावर माझ्या शेजारी चौलची एक बाई नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीची मान सारखी झटक्याने वळायची आणि घशातून हुंकार निघायचा. प्रत्येक झटक्याला आईचा तळवा तिच्या मानेवर जायचा. दाबायला नव्हे, नुसता आधाराला.

"डोळे मिचकावते तर डोळ्यांत थेंब घातले. घसा वाजतो तर औषध पाजलं," ती कडाडली. "शाळेतल्या बाई म्हणतात, अक्षरं मुद्दाम उलटी काढते. आख्खी पोर एकानंबी बघितली न्हाय!"

मी निवृत्त शिक्षक. तसं तिला सांगूनही झालं होतं. गप्प बसवेना. समजुतीच्या सुरात म्हणालो, "अहो, जित्याची खोड..." आणि अडखळलो.

"थांबलात का, गुरुजी? पुढचं बोला ना. मेल्याशिवाय जात न्हाय, असंच ना?" तिने रोखून पाहिलं. "खोड असती तर मी कवाच मोडली असती. हा आजार हाय, आणि मला त्याचं नाव पायजे."

मुलीची मान झटकली. तळवा पुन्हा तिथे गेला.

माझ्या वर्गातही असाच मान झटकणारा एक विद्यार्थी होता. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी 'खोडकर' लिहिलं होतं. त्याच्या मानेवर माझाही हात पडायचा. आधाराला नव्हे.