घंटेआधी एक सौदा

आमच्या पिएत्रावेलाच्या चौकात माझं केशकर्तनाचं दुकान आहे. दुकानाच्या दारातून कारंजं दिसतं, आणि गुरुवार असला की कारंज्याच्या पायरीवर बसलेली एर्सिलिया मावशी. पुढ्यात लसणाच्या माळा, डोक्यावरून काळी शाल आणि चेहरा असा की गिऱ्हाइकाने आधी माफी मागावी आणि मग भाव विचारावा.

पूर्वी गुरुवारी या चौकात पाय ठेवायला जागा नसे. मग नगरपालिकेने बाजार वेशीबाहेर, बसथांब्याजवळच्या मैदानात हलवला. तिथे डोक्यावर पत्रा, पाण्याला नळ, गाड्यांना ऐसपैस जागा. एकेक करत सगळे गेले. सर्वांत आधी गेला गास्पारे चीजवाला. तरुणपणापासून तो एर्सिलियाच्या शेजारी बसत आला होता. त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं.

ती मात्र हलली नाही. आमच्याकडे फार जुनी समजूत आहे. गुरुवारी चर्चच्या दुपारच्या घंटेआधी चौकात एक तरी सौदा झाला पाहिजे, आणि तोही वेशीबाहेरच्या माणसाशी. एक गुरुवार चुकला की बाजाराचा मान शेजारच्या गावाकडे जातो. युद्धाच्या हिवाळ्यात सगळं गाव दारं लावून बसलं होतं, तेव्हा एर्सिलियाच्या आईने इथेच बसून एका धनगराला लसूण विकला होता.

"मावशी, ही रीत आता कोण बघतंय?" मी एकदा चिडून विचारलं.

"मी बघतेय. तू आपल्या दाढ्या कर."

सकाळी आल्या आल्या ती केरसुणी घ्यायची. आपली जागा झाडायची आणि शेजारची रिकामी जागाही झाडायची. म्हातारीला झाडलोटीचं वेड आहे, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

गेल्या फेब्रुवारीत बुधवारी रात्रभर बर्फ पडला. सकाळी खेड्यांकडची बस आली नाही. खालचं मैदानही ओस. मला वाटलं, आज काही ही येत नाही. आली! एका हातात काठी, दुसऱ्या हातात फावडं, गळ्यात लसणाच्या माळा. बर्फ उपसून पायरीवर बसली. चौकात चिटपाखरू नव्हतं.

दुपार होत आली तसा माझाच जीव खालीवर व्हायला लागला. रीतबीत मी मानत नाही, पण तिचे निळे पडलेले ओठ मला बघवेनात. मी बाहेर गेलो. "एक माळ मला द्या आणि घरी जा."

"तू वेशीच्या आतला. तुझ्या पैशाने बाजार होत नाही, नुसता स्वयंपाक होतो."

तेवढ्यात वेशीतून कुणीतरी धापा टाकत वर आलं. गुडघ्यापर्यंत बर्फाने माखलेला गास्पारे. तो खालच्या वाडीत राहतो. वेशीच्या बाहेर.

"लसूण संपलाय घरातला," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "कशी दिली माळ?"

"सहा युरो."

"सहा? लसूण आहे की केशर? चार देतो."

"चारला तुझ्या त्या पत्र्याखाली मिळेल. तिकडे बघ जा."

चर्चचा सेवक घंटेच्या जिन्याकडे निघालेला मला दिसला. "मावशी, देऊन टाका की! घंटा होईल आता!"

"होऊ दे. भाव पाडून राखलेला बाजार मला नको."

"बाई आहे की खेचर!" गास्पारे ओरडला. त्याने खिशातून सहा युरो काढून तिच्या हातावर आपटले आणि माळ गळ्यात घातली. एर्सिलिया नाणी मुठीत बंद करते न करते तोच घंटा वाजली. मी चक्क टाळी वाजवली. दोघांनीही माझ्याकडे रागाने पाहिलं.

गास्पारे जायला वळला आणि थबकला. चौकभर बर्फाचा थर होता, पण एर्सिलियाच्या शेजारची, त्याच्या हातगाडीएवढी जागा लख्ख झाडलेली होती.

"हे कुणी झाडलं?"

"दर गुरुवारी झाडावंच लागतं," ती उरलेल्या माळा आवरत म्हणाली. "पुढच्या वेळी आलास तर लवकर ये. दोन-दोन जागा झाडणं आता गुडघ्यांना झेपत नाही."