बंद तारेवरचा टेस्टर

निरगुडसरला माझ्या दुकानात पंपाची जळालेली मोटार उघडली, की व्हार्निशच्या वासानं मला नव्वदच्या दशकातली वायरमन परवान्याची परीक्षा आठवते. त्या खोलीतही कोपऱ्यात अशीच मोटार होती. परीक्षक म्हणाले, “लाइन बंद आहे. जोड मारा.” मी खिशातून टेस्टर काढला.

“माझ्यावर विश्वास नाही?”

“तुमच्यावर हाय साहेब, तारंवर न्हाई.”

मागून माझ्याबरोबर परीक्षेला आलेला अवसरीचा सोबती कुजबुजला, “राव, परवाना हुकंल! लाव की हात.”

मी टेस्टर लावला. तो पेटला नाही. लाइन खरंच बंद होती. सगळे हसले आणि साहेबांनी उद्धट म्हणून मला नापास केलं.

तेव्हा कान तापले होते. आज त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. पुढच्या परीक्षेला मी पुन्हा बसलो आणि तिथंही आधी टेस्टरच लावला.