भाजीगल्लीचा दर्जा

घाटकोपरच्या आमच्या गल्लीत मधोमध दोन्ही हात पसरून कुणी गृहस्थ उभे दिसले, की समजायचं, हे आमच्या शेजारचे काका. "थांब रे, रस्ता बघतोय," म्हणत ते हातगाडीवाल्यालाही थोपवून धरत.

तुम्ही म्हणाल, रस्त्यात बघायचं काय? निवृत्तीनंतर काकांना इंटरनेटवरच्या एका नकाशाचं वेड लागलं होतं. हा नकाशा कुणीही दुरुस्त करावा असा. कुठला रस्ता मुख्य आणि कुठली नुसती गल्ली, हे तुमच्या-माझ्यासारखी माणसंच ठरवतात. कुणा भल्या माणसाने घरबसल्या आमची भाजीगल्ली 'मुख्य रस्ता' करून ठेवली होती. मग काय, रोज संध्याकाळी मोबाइलच्या भरवशावर एखादी गाडी मेथीच्या जुड्यांत येऊन अडकायची आणि सगळ्यांचीच वाट लागायची.

काकांनी गल्ली 'फक्त पादचाऱ्यांसाठी' करून टाकली. गाड्या बंद झाल्या. भाजीवाल्या मावशी त्यांना कोथिंबीर फुकट देऊ लागल्या. पण मोबाइलवरून बोलावलेल्या रिक्षाही आता कोपऱ्यावरच थांबत, आणि काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. संध्याकाळी दवाखान्यात गुडघ्याच्या व्यायामाला जायचं तर बाजारातून कोपऱ्यापर्यंत लंगडत जावं लागे.

"अहो, माझे गुडघे बसतात का तुमच्या नकाशात?"

"अगं, पण मुख्य रस्ता लिहिलं तर खोटं होईल ना ते!"

काकूंनी अबोला धरला. काका गल्लीत खुर्ची टाकून सकाळपासून बसू लागले. दुपारपर्यंत रिक्षा आरामात आत येते, बाजार भरतो तो संध्याकाळी, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी गल्लीला गल्ली म्हटलं, संध्याकाळी वाहनांना बंद असं नोंदवलं, आणि काकूंच्या व्यायामाची वेळ बदलून सकाळची घेतली.

"म्हणजे नकाशासाठी मीच बदलायचं!" काकू म्हणाल्या, पण हसल्या. दुसऱ्या दिवशी रिक्षा थेट दारात आली, तेव्हा काकांनी रिक्षावाल्याचा हात हातात घेऊन त्याचं अभिनंदन केलं. तो बिचारा बघतच राहिला.

काका गेले त्याला वर्ष होत आलं. फार आठवण येते त्यांची. मागच्या महिन्यात कुणीतरी आमची गल्ली पुन्हा मुख्य रस्ता केली आणि भर बाजारात एक टेम्पो घुसला. काकू मोबाइल घेऊन माझ्या दारात हजर.

"शिकव रे मला, कसं बदलतात ते."

मी दाखवलं. शेवटी बदलाचं कारण लिहायची चौकट आली. काकूंनी चष्मा नीट केला आणि एका बोटाने सावकाश लिहिलं, "संध्याकाळी इथे गाडी जात नाही. माझ्या यजमानांनी स्वतः बसून पाहिलं आहे."