सर्वानुमते, म्हणजे सरांसकट

प्राध्यापक रवींद्र ओव्हाळांची नक्कल करायला फार काही लागत नाही. मान जरा डावीकडे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात वही, आणि समोरचा काहीही बोलला तरी "हं... हं." डोंबिवलीच्या त्यांच्या कॉलेजात बीएच्या कितीतरी तुकड्यांनी ही नक्कल केली. सरांना ते ठाऊक होतं, पण राग येत नसे. कारण ते "हं" म्हणजे त्यांची संशोधनपद्धती होती. "माहिती देणाऱ्याला अडवू नका. पटलं, नाही पटलं, चेहऱ्यावर दाखवू नका. नुसतं हं म्हणा, माणूस आपोआप उलगडतो," असं ते वर्गात सांगत.

विषय राज्यशास्त्र. पण दिल्लीत काय चाललंय विचारलं, की सर गडबडायचे. त्यांना विचारावं सोसायट्यांच्या वार्षिक सभांबद्दल.

याचं मूळ शहाडच्या चाळीत. वडील सखाराम कारखान्यात कामाला. चाळीचा सामाईक नळ ओव्हाळांच्या दारासमोरून उचलून पार दुसऱ्या टोकाला न्यायचं ठरलं. बिऱ्हाडं चोवीस, बोलली माणसं दोन, आणि वहीत लिहिलं गेलं "सर्वानुमते". नळ गेला तरी आबा गप्पच. दहा वर्षांच्या रवीनं विचारलं, "आबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय माहीत रे," आबा म्हणाले.

त्या "काय माहीत"मागे सरांनी आयुष्य घातलं. कळवा, ठाणे, टिटवाळा अशी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत फिरले, मग डोंबिवलीत कायम झाले. पीएचडीला अकरा वर्षं लागली. मार्गदर्शक वैतागायचे, "अहो ओव्हाळ, संसद घ्या, पंचायत राज घ्या! पार्किंगमध्ये कसली लोकशाही शोधताय?"

"हं," सर म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा कुठल्यातरी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर.

अशा एकशे चाळीस सभा झाल्या. त्यातून सरांनी एक गोष्ट शोधली. गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते, मग त्याच जागी भरते, आणि तेव्हा किती माणसं आहेत हे कुणी मोजत नाही. सगळं ठरतं ते त्या मधल्या अर्ध्या तासात, चहाचा कप हातात धरून. म्हणजे सभा नसते तेव्हाच सभा होते. यावर पुस्तकाची तीन प्रकरणं लिहून झाली. चौथं अडलं होतं: हरकत असूनही माणसं गप्प का बसतात? ज्याला विचारावं तो म्हणे, "काय माहीत, सर."

निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. पुस्तक पुरं करायला दिवाळीनंतर वर्षभराची अभ्यासरजा कशीबशी मंजूर झाली. पुन्हा मिळणार नव्हती.

आणि सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी कल्याणात, त्यांच्या स्वतःच्या सोसायटीची सभा आली.

सभा तहकूब झाली. मीटरबॉक्सपाशी कोण कोणाशी कुजबुजतंय ते सर टिपत होते, तेवढ्यात सेक्रेटरी बाबुराव शेजारी टेकले. मूळचे इथल्याच गावातले, अकरा वर्षं सोसायटी ओढलेली.

"सर, मना आता जमत नाय. गुडघं गेलं."

"हं."

"कोन तरी शिकलेला मानूस पायजे. लिवनारा."

"हं... हं."

"आनी त्याला टाइम पन पायजे. तुमाला रजा भेटली ना वर्साची?"

"हं," सर म्हणाले. मीटरबॉक्सपाशी तिसरा माणूस येऊन मिळाला होता, तो वहीत घ्यायचा राहत होता.

अर्ध्या तासानं सभा पुन्हा भरली. बाबुराव उठले. "सेक्रेटरी म्हनून आपलं ओव्हाळ सर. मी इचारलेला, ते हं बोललं. तीनदा बोललं! कोनाची हरकत?"

सरांचं पेन थांबलं. हा क्षण त्यांनी एकशे चाळीस वेळा घड्याळ लावून मोजला होता. सरासरी चार सेकंद. शेजारच्या खुर्चीवर तळमजल्याच्या केशरबाई बसल्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. केशरबाई सरांकडेच बघत होत्या. एक. दोन. आता म्हणावं की कसं? आणि काय म्हणावं? तीन.

"मंजूर! सर्वानुमते!" टाळ्या पडल्या.

घरी सरांच्या पत्नी दर्शनाताई कमरेवर हात ठेवून उभ्या. "अहो, रजा पुस्तकासाठी घेतलीत की लिफ्टवाल्याच्या मागे धावायला? एक शब्द होता, नाही! उभ्या जगाला विचारत फिरलात, बोलला का नाहीत म्हणून. मग तुम्ही का नाही बोललात?"

"काय माहीत," सर म्हणाले, आणि दचकले. आवाज थेट आबांचा होता.

दुसऱ्या दिवशी बाबुराव पंपरूमची चावी आणि इतिवृत्ताची वही देऊन गेले. सभेचं इतिवृत्त आता नव्या सेक्रेटरीनंच लिहायचं. सर ठराव सातपर्यंत, म्हणजे स्वतःच्या निवडीपर्यंत, सुरळीत आले आणि अडले. "सर्वानुमते" लिहावं तर ते खोटं, निदान एका माणसाचं मत तसं नव्हतं. "बहुमताने, विरोधी एक" लिहावं तर तेही खोटं, कारण त्या एकानं तोंडच उघडलं नव्हतं. पाऊण तास झाला. शेवटी सर तसेच खाली गेले. नेहमीची टिपणवही वरच राहिली.

"केशरताई, काल तुम्हाला काय वाटलं? मी सेक्रेटरी व्हावं?"

"छे हो! दर्शनानं सांगितलेलं ना, तुमचं पुस्तक अडलंय म्हणून."

"मग हरकत का नाही घेतलीत?"

"आता घ्या! ज्याला नकोय तो शेजारी बसलाय, तर मी कशाला मध्ये? तुम्ही बोलाल म्हणून तुमच्या तोंडाकडे बघत बसलेले."

"मी नाही बोललो."

"तेच ना. म्हटलं, सरांना हवंय वाटतं."

"हं," सर म्हणाले. जिन्यात मात्र त्यांचा पाय अडखळला. त्या चार सेकंदांत त्यांनीही हेच केलं होतं. बाई बोलतील म्हणून बाईंच्या तोंडाकडे बघितलं होतं. त्या चाळीत आबा कोणाकडे बघत असतील? आणि तो माणूसही आबांकडेच?

वर येऊन त्यांनी इतिवृत्तात "सर्वानुमते" लिहून टाकलं. मग स्वतःची वही ओढली, "प्रकरण चौथे" लिहिलं आणि खाली पहिलं वाक्य: "सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते."

दुसरं वाक्य जुळत होतं, तेवढ्यात बाबुरावांचा फोन आला.

"सर, पंप बंद पडला! पाचव्या माल्यावर पानी नाय. येताव ना?"

सरांनी वहीकडे पाहिलं, चावीकडे पाहिलं. या वेळी "नाही" अगदी ओठांवर आलं होतं.

"हं," सर म्हणाले.