कढीपत्त्याच्या खड्ड्यातलं लोखंड

सासूबाईंनी बिल्डिंगमागे कढीपत्ता लावायला खड्डा खणला, तेव्हा त्यातून वीतभर लांबीचं, टोकदार, गंजलेलं लोखंड निघालं. जुन्या खलबत्त्यातला बत्ता असेल, असं म्हणत त्यांनी ते घरी आणलं आणि मोरीत काथ्याने घासायला घेतलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदारकाका आमचा डबा परत द्यायला आले. मोरीकडे नजर जाताच ते थबकले.

"वहिनी, ते अगदी अलगद खाली ठेवा. आणि सगळे बाहेर चला."

त्यांचा आवाज इतका शांत होता, की मला जास्तच भीती वाटली. सासूबाईंनी श्वास रोखून ते फरशीवर टेकवलं.

पोलीस आले. अख्खी बिल्डिंग रस्त्यावर जमली. तासाभराने बॉम्बपथकाचे साहेब घाम पुसत खाली उतरले.

"तोफगोळा आहे. फार जुना, पण जिवंत."

सासूबाई मटकन फुटपाथवरच बसल्या. मी मात्र ‘जिवंत’ या एका शब्दापाशी अडकले. हा गोळा ज्याने बनवला आणि ज्यांच्यासाठी बनवला, ती माणसं केव्हाच गेली असतील. त्यांचा राग तेवढा आमच्या पायांखाली शिल्लक होता, आणि त्यावर आम्ही वीस वर्षं निवांत संसार केला.

पथक गोळा घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी मुलं बिल्डिंगमागे लंगडी खेळायला आली.

"हळू उड्या मारा रे!" मी खिडकीतून ओरडले.

मुलं हसली. मलाही लाज वाटली, पण त्यांचा खेळ संपेपर्यंत मला खिडकीतून हलवेना.