तांब्या बरा झाला, तीच पंचाईत

आज सकाळी साडेसहाला खुराडं उघडलं, तेव्हा माझा कोंबडा तांब्या मान आखडून बसला होता. गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपली तर दगडासारखी कडक. ती रात्रीत रिकामी व्हायला हवी. नाही झाली, तर अन्न अडकलं असं समजा.

तेवढ्यात काका कोयती घेऊनच आले. "मरायच्या आत कापूया. मेलेला कोण खाणार?"

मी तांब्याला छातीशी धरला. त्यांनी पंख हिसकला, मूठभर पिसं रक्तासकट उपटून आली. मी त्यांना ढकललं आणि कोयती माझ्या तळहातावर बसली.

"मेल्या, कोंबड्यासाठी चुलत्याच्या अंगावर येतोस?"

हाताला फडकं बांधून मी तांब्याला थेंबथेंब कोमट पाणी पाजलं, पिशवी हळूहळू चोळत राहिलो. उलटा मात्र धरला नाही, त्याने कोंबडं गुदमरतं. दुपारी गोळा सुटला, तांब्याने विष्ठा टाकली आणि चक्क आरवला.

काका ओटीवरून हसले. "बेस झालं. रविवारी राखणीला हाच देऊ."

राखण म्हणजे जागेच्या देवाला वर्षातून एकदा द्यायचा कोंबडा. आजारी चालत नाही, धडधाकटच लागतो. आणि तो धडधाकट मीच केला.

रत्नागिरीच्या आसपास कोणी रविवारच्या आत त्याला ठेवून घेईल का?