भेगेवरची पट्टी

माझे वडील गवंडी होते. भिंतीला भेग गेली की ते तिच्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवत. पट्टी फाटली की समजायचं, भिंत अजून हलतेय. डी.एड.ला शिकलेलं बरंचसं मी विसरले, हे विसरले नाही.

माजिवड्याच्या आमच्या सरकारी शाळेत चौथीच्या वर्गाला अशीच भेग होती. तिच्यावर वहीच्या कागदाची पट्टी लावून तारीख टाकायचं काम मी एका मुलीकडे दिलेलं. अक्षर सुरेख, आणि रोज सगळ्यांच्या आधी हजर. "बाई, फाटली ओ!" असं ती ओरडायची, ते पहिला नंबर आल्याच्या थाटात.

तीन फाटक्या पट्ट्या मी अर्जाला टाचून वर पाठवल्या. दुरुस्ती मागितली होती. आधीचे अर्ज कुणी वाचले नव्हते, हा नेमका वाचला. पंधरा दिवसांत दारावर 'धोकादायक इमारत' असा बोर्ड लागला आणि कुलूप. दुरुस्ती होईपर्यंत मुलं हायवेपलीकडच्या शाळेत. कधी नव्हे ती मुलांची काळजी अगदी उतू चालली होती! शेवटच्या दिवशी त्या मुलीने नवी पट्टी लावली. "परत आल्यावर बघू," म्हणाली.

हायवे ओलांडून ती जेमतेम आठवडाभर आली. मी घरी गेले तर तिची आई म्हणाली, "चार घरची कामं टाकून रोज हिला क्रॉस करून देऊ काय? दारात होती ना शाळा. तुम्हीच बंद पाडलीत." मला तिचा भयंकर राग आला. घरी पोचेपर्यंत तो माझ्यावरच उलटला होता.

दोन पावसाळे गेले. दुरुस्ती नाहीच. बाहेरून रंग तेवढा लागला, कारण मतदान केंद्र तिथेच आलं. माझी ड्युटीही तिथेच, त्याच वर्गात, बोटाला शाई लावायची. बोर्डाचं विचारलं तर साहेब म्हणाले, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, मॅडम."

दुपारी रांगेतून तिची आई आली. बोट पुढे केलं.

"पोरगी काय करते?" मी विचारलं.

"येते माझ्यासोबत. भांड्याला."

मी शाई लावली. तिची नजर माझ्या मागच्या भिंतीवर गेली होती.

"ही तिनेच लावलेली ना? घरी रोज पट्टीचंच सांगायची."

"हो."

"फाटली नाय की अजून," ती म्हणाली आणि मत द्यायला पुढे गेली.